दादा भाड्याच्या घरात राहू शकेल का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्यासारखेच इतरही विचारतात, म्हणून प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मोठा भाऊ, वय ४७. स्किझोफ्रेनिया विशीतच सुरू झालेला. वडील गेल्यावर औषधं सुटली आणि एका पहाटे तो घरातून निघून गेला. नऊ वर्षं पत्ता नव्हता. त्यातली बरीचशी मनमाड-भुसावळ पट्ट्यातल्या फलाटांवर गेली, असं तो आता सांगतो. दीड वर्षापूर्वी पोलिसांनी त्याला मनोरुग्णालयात पोहोचवलं. आता डॉक्टर म्हणतात, त्याला इथे ठेवायचं काही कारण उरलेलं नाही. तुमच्याकडे दोन खोल्या, ७६ वर्षांची आई, शाळेत जाणाऱ्या दोन मुली. एक संस्था म्हणते आहे की आणखी तिघांबरोबर त्याला वस्तीतल्या साध्या भाड्याच्या घरात ठेवू, आमचं माणूस सोबत असेल. तुम्हाला मात्र भिंत आणि फाटक असलेला आश्रम बरा वाटतो. "तो परत निघून गेला तर आई ते सोसणार नाही," असं तुम्ही लिहिलंय.

बावीस वर्षं मी मानसोपचार क्षेत्रात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते आहे. पहिली दहा वर्षं रुग्णालयाच्या वॉर्डांत गेली, पुढची बारा अशाच घरांमध्ये. माझं उत्तर असं: त्याला घरातच पाठवा. पण घराला खिडक्या किती आणि पाणी किती वेळ येतं हे विचारण्याआधी, त्या घरात सोबतीला कोण येणार आणि किती वर्षं येत राहणार, हे संस्थेला विचारा. मी पाहिलेली घरं टिकली ती यावर टिकली, आणि मोडली तीही यावरच.

आपल्याकडचा जुना हिशोब असा की माणूस वॉर्डात आधी "तयार" व्हायला हवा, मग त्याला बाहेर काढायचं. मीही दहा वर्षं तोच हिशोब केला. नखं कापतो का, गोळी मागून घेतो का, भांडत नाही ना, अशा रकान्यांत टिकमार्क करत बसायचे. पण वॉर्डात कांदा चिरायला सुरी मिळत नाही. न्हाणीघराला आतून कडी नसते. खिशात पैसे नसतात. उठायचं कधी, जेवायचं कधी, दिवा कधी मालवायचा, हे सगळं दुसरंच कोणी ठरवतं. तिथे दहा वर्षं राहून माणूस घर चालवायला शिकणार कसा? जे होतं तेही विसरतो. वर्षानुवर्षं वॉर्डात राहिलेल्या एका बाईंना आम्ही पहिल्या दिवशी विचारलं, "चहात साखर किती घालू?" त्या गप्प उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळाने म्हणाल्या, "सगळ्यांना जेवढी घालता तेवढी." स्वतःला किती गोड लागतं हे आठवायला त्यांना पुढे दोन आठवडे लागले.

हा हिशोब उलटा करून पाहणारे लोक जगात आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी 'पाथवेज टू हाउसिंग' ही संस्था काढली. रस्त्यावर राहणाऱ्या, गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाला आधी घर द्यायचं. दारू सोडली का, गोळ्या घेतोस का अशी अट घालायची नाही. आणि घर मिळाल्यावर डॉक्टर, नर्स, कार्यकर्ते त्याच्या दारी जात राहायचं. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, दोन हजारांहून जास्त माणसांबरोबर हे रीतसर तपासलं. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत, आधी घर दिलेल्यांपैकी ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकून होते. नेहमीच्या सेवांवर सोडलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. आता याची दुसरी बाजू, जी तुम्हाला ठाऊक असायला हवी: आजाराची लक्षणं आणि व्यसन दोन्ही गटांत साधारण सारखीच कमी झाली. म्हणजे घर मिळाल्याने डोक्यातले आवाज थांबत नाहीत. घर मिळाल्याने माणूस घरात राहतो, आणि आवाज येत असतानाही राहू शकतो. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आपल्या देशात याच्या जवळचं काम चेन्नईच्या 'द बॅनियन'ने उभं केलं. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये रस्त्यावर सापडणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी ती संस्था सुरू केली. बऱ्या झालेल्या पुष्कळ जणी आपापल्या गावी परतल्या. पण काहींना गाव आठवेना, काहींना गाव घेईना, आणि त्या संस्थेतच वर्षानुवर्षं राहिल्या. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये 'होम अगेन' सुरू झालं. साध्या वस्तीत भाड्याचं घर, त्यात चार-पाच जणी, आणि मदतीला प्रशिक्षण दिलेली साधी गावातलीच बाई. अमेरिकेत बहुतेकांना एकट्याचं घर मिळतं, आपल्याकडे घर सामायिक असतं. आपल्या माणसांना सुरुवातीला सोबत मानवते असा माझा अनुभव आहे, पण सगळ्यांना नाही. तुमचा दादा वर्षभराने म्हणाला की मला एकट्याची खोली हवी, तर त्याला हट्टी समजू नका.

तुम्हाला खरी चिंता पहिल्या काही महिन्यांची आहे. म्हणून तिथेच जरा थांबते.

आमच्या एका घरात एक गृहस्थ आले. अक्षर सुरेख, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. तेरा वर्षं रस्त्यावर काढलेली. पहिल्या रात्री त्यांना कॉट, गादी, नवी चादर दिली. ते दाराशी, उघड्या फरशीवर झोपले, डोक्याखाली टॉवेलात गुंडाळलेल्या चपला. फलाटावर सगळ्यात आधी चपला चोरीला जातात. दादाला विचारा, तोही हेच सांगेल. घरात काम करणाऱ्या आमच्या मावशींनी त्यांना कॉटवर झोपा असं एकदाही म्हटलं नाही. फक्त फरशी गार लागू नये म्हणून एक सतरंजी तिथे टाकून ठेवली. विसाव्या दिवशी सकाळी मावशींनी दार उघडलं तर मास्तरांच्या चपला बाहेर, इतरांच्या चपलांच्या ओळीत ठेवलेल्या. मावशींनी मला कामाच्या वेळेआधी फोन केला तो एवढंच सांगायला. कॉटवर झोपायला त्यांना पुढे आणखी दोन महिने लागले.

बायकांच्या एका घरात उशीच्या अभ्र्यातून भाकरीचे तुकडे निघायचे. मुंग्या झाल्या, बाकीच्या जणी कुरकुरू लागल्या. तुकडे फेकले की त्या बाई रात्रभर जाग्या राहायच्या. शेवटी त्यांना झाकणाचा स्टीलचा डबा दिला आणि सांगितलं, हा तुमचा, यात काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा, उघडायचं कोणी नाही. डबा वर्षभर उशाशी होता. नंतर त्यात बांगड्या आल्या.

एक जण २०१२ पासून वॉर्डात होता. बाजारातून भाजी आणताना दुकानदाराने परत दिलेली दोनशेची नोट त्याने घेतलीच नाही. अशी नोट नसते म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या माहितीतल्या जगात ती नोट नव्हतीच. दादा दहाहून जास्त वर्षांनी घरात राहायला येतो आहे. कुकरची शिट्टी, मोबाइलवरचे पैसे, दुधाची पिशवी, सगळं त्याला नवं किंवा अर्धवट आठवणारं असेल. पण काही गोष्टी त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त येतात हेही विसरू नका. कोणती गाडी कुठे किती वेळ थांबते, कोण माणूस भरवशाचा, अंगात ताप असताना कुठे पडून राहायचं, हे शिकल्याशिवाय नऊ वर्षं कोणी जगत नाही. त्याला लहान मूल समजून बोलू नका.

पहिल्या तीन महिन्यांत शरीराकडे लक्ष लागतं. दात, पायांच्या भेगा, रक्त कमी असणं, जुना खोकला. खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून घ्याच. गोळ्या रोज नको वाटत असतील तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन मिळतं, सरकारी रुग्णालयांतही. क्लोझापिन हे औषध चालू असेल तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. ते कोण करून आणणार, हे संस्थेकडून आजच ठरवून घ्या. तंबाखू आणि बिडीवरून पहिल्याच महिन्यात भांडू नका. ते नंतरचं काम आहे.

आता निघून जाण्याबद्दल. होय, काही जण जातात. कोणी जाणारच नाही अशी हमी एखादी संस्था देत असेल तर तिच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. मास्तरांचीच पुढची गोष्ट सांगते, कारण त्यात चूक आमची होती. आठ महिने सगळं सुरळीत चाललं. ते बाजार करायचे, शेजारच्या मुलाचं शुद्धलेखन तपासून द्यायचे. तेव्हा मी ज्या संस्थेत होते तिथे पैशांची ओढाताण होती आणि नवीन घर उघडायचं होतं. आम्ही बैठकीत ठरवलं की मास्तरांचं घर आता आपलं आपण चालतं, मावशींना नव्या घरी पाठवू, इथे पंधरा दिवसांनी चक्कर मारू. त्या बैठकीत मी होते आणि मीही मान डोलावली. तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी गोळ्या बंद केल्या. मोजायला कोणी नव्हतं. ते रात्री बसून राहतात हे घरातल्या दोघांनी पाहिलं होतं, पण सांगायचं कोणाला, हे त्यांना माहीत नव्हतं. एक दिवस ते गेले. बाराव्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका स्टेशनवर सापडले, पाय सुजून टंब झालेले. मी पोहोचले तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "माझी चावी आहे का अजून?"

चावी होती. त्यांची कॉट, त्यांचं कपाट तसंच ठेवलं होतं. तेवढी एक गोष्ट आम्ही बरोबर केली. मावशी परत आल्या, आणि त्या दिवसापासून मी कुठल्याही बैठकीत "तो आता बरा आहे, आधार काढून घेऊ" हे वाक्य चालू देत नाही. आधार कमी-जास्त करता येतो. रोजची फेरी एक दिवसाआड होऊ शकते, रात्रीची सोबत फोनवर येऊ शकते. पण तो मागेपुढे करण्यासारखा हवा, आणि माणसाला विचारून करायला हवा. म्हणून संस्थेला नेमकं विचारा: तो निघून गेला किंवा पुन्हा रुग्णालयात दाखल झाला, तर त्याची जागा किती दिवस राखून ठेवता? "लगेच दुसऱ्याला देतो" असं उत्तर आलं तर तिथे पाठवू नका.

फाटकाने हा धोका टळतो असं तुम्हाला वाटतं. बंद फाटकामागची भीती मी वॉर्डात जवळून पाहिली आहे. सतत बाहेर पडायची संधी शोधणारा माणूस संधी मिळाली की परत न येण्यासाठीच जातो. ज्याच्या खिशात चावी आहे तो बहुतेक वेळा चहा पिऊन परत येतो. आणि भिंत आहे म्हणून माणूस सुरक्षित, असंही नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडी इथे अशाच एका ठिकाणी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं पळता न आल्याने गेली. सगळे आश्रम तसे नसतात. मनापासून सेवा करणारे लोक मी पाहिले आहेत. तरी आश्रमाचा विचार करायचाच असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी आहे का ते पाहा. मानसिक आजार असलेल्यांना उपचार आणि देखभालीसाठी ठेवून घेणाऱ्या कुठल्याही ठिकाणाला ती लागते. दादाला चोवीस तास नर्सिंग लागण्यासारखं शरीराचं मोठं दुखणं असतं, तर मी वेगळा सल्ला दिला असता. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला मे २०१८ मध्ये. त्याचं कलम १९ स्पष्ट सांगतं की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही, किंवा समाजात राहायची सोय नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. अशी घरं उभी करण्याची किंवा त्यांना मदत करण्याची जबाबदारी तेच कलम सरकारवर टाकतं. प्रत्यक्षात अशी घरं फार थोडी आहेत. शहरी बेघरांसाठी सरकारी योजनेने दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांना पुरेल एवढा निवारा, असं धोरण ठरवलं. निवारा हवाच, पावसाळ्यात तर त्याने जीव वाचतात. पण निवाऱ्यात रात्र काढता येते, आयुष्य काढता येत नाही. तुमच्या भावाला घराची जागा मिळते आहे, ती सहज चालून येणारी गोष्ट नाही एवढं लक्षात ठेवा.

याच कायद्यात आणखी एक उपयोगाची तरतूद आहे. दादा साध्या कागदावर लिहून, सही करून तुम्हाला किंवा दुसऱ्या कोणा विश्वासाच्या सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. पुढे कधी आजार उसळला तर त्याच्या वतीने डॉक्टरांशी कोणी बोलायचं, हा वाद मग होत नाही. आणि त्याने तुमच्याऐवजी संस्थेतल्या कोणाचं नाव लिहिलं, तर वाईट वाटून घेऊ नका.

पैशांचं तुम्ही संकोचाने विचारलंय. संकोच नको. भाडं, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, किराणा आणि सोबतीच्या माणसाचा पगार हा खर्च संस्था सहसा देणग्यांतून करते. दादाच्या नावाने जे मिळू शकतं ते मिळवा. आधी आधार कार्ड. पत्त्यासाठी संस्था मदत करेल. मग दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र: मानसिक आजारासाठी 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर तपासतात, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. त्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज करता येतो. २०२३ पासून महिना १,५०० रुपये होते, दिव्यांगांसाठी नंतर वाढवले. आताचा आकडा तहसील कार्यालयातून घ्या. खातं त्याच्या एकट्याच्या नावावर हवं आणि पासबुक त्याच्याकडे. महिन्याचे पैसे हातात आल्यावर पहिल्यांदा तो काहीतरी "उधळेल". आमच्याकडे एकाने पहिल्या पैशांतून घरातल्या सगळ्यांसाठी दोन किलो जिलेबी आणली होती. आणू द्या.

वडिलांच्या घरात दादाचा वाटा आहे. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मीच विषय काढते. तो सापडला, बरा आहे, सही करतो आहे, तर आत्ताच हक्कसोड करून घेऊ, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. तसं करू नका. अशा कागदानंतर भावाभावांत बोलणं राहत नाही, हे मी खूपदा पाहिलंय.

शेजाऱ्यांचं सांगते. बायकांना घर मिळतं, पण "सडे पुरुष नकोत" हे वाक्य आम्ही दर नव्या घराच्या वेळी ऐकतो. एका सोसायटीने करार झाल्यावर, सामान टेम्पोत चढवलेलं असताना नकार कळवला. घरमालकाला आम्ही खरं सांगतो. शेजाऱ्यांना कोणाचा आजार काय, हे सांगत नाही. तो ज्याचा त्याने सांगायचा किंवा न सांगायचा. मानसिक आजार असलेली माणसं इतरांना मारण्यापेक्षा मार खातात जास्त, रस्त्यावर तर फारच. लोकांची भीती भाषणाने जात नाही. पाण्याची मोटर वेळेवर बंद करणारा माणूस, कुरिअर घेऊन ठेवणारी बाई, हळदीकुंकवाला नेसून आलेली शेजारीण, अशा ओळखीने ती हळूहळू जाते. कधी जातही नाही, आणि घर बदलावं लागतं. बारा वर्षांत आम्हाला तीनदा बदलावं लागलं.

घराच्या आतही भांडणं होतात. त्यावरून गोष्ट फसली असं समजू नका. बिडीचा धूर, टीव्हीचा आवाज, शनिवारी मासे करायचे की नाही, न्हाणीघरात कोण किती वेळ. आपल्याकडे बिहार, बंगाल, आंध्र, कुठून कुठून वाहत आलेली माणसं असतात. एका घरात चौघांच्या चार भाषा होत्या आणि एक जण दुसऱ्याच्या हातचं पाणी पीत नव्हता. रस्त्यावर कोणाचंही उष्टं खाल्लेला माणूस, घर मिळाल्यावर त्याला जात आठवली. मला त्या दिवशी फार राग आला होता. मावशींनी वाद घातला नाही. पाण्याचा एकच हंडा ठेवला आणि पाणी भरायची पाळी प्रत्येकाला लावली. तहान लागली की ज्याने भरलं असेल त्याचं पाणी प्यावं लागतं. तीन दिवस तो गृहस्थ बाहेरच्या नळावर गेला, चौथ्या दिवशी हंड्यातलं प्यायला लागला. अशी माणसं सोबतीला आहेत की नुसता पहारेकरी आहे, हे तुम्ही घर पाहायला जाल तेव्हा अर्ध्या तासात कळेल. मावशी दार न वाजवता आत येतात का, राहणाऱ्यांच्या समोर त्यांच्याविषयी "हा असा, तो तसा" बोलतात का, तेवढं बघा.

एका गोष्टीसाठी कुटुंबं तयार नसतात, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. साधारण सहा महिन्यांनी, सगळं बसलं असं वाटत असताना माणूस खचतो. फलाटावर उपाशी असला तरी तो गर्दीत होता. चहावाला हाक मारायचा, बरोबर झोपणारे दोघे-तिघे होते. इथे दुपारी तीन वाजता घर शांत असतं, पंखा फिरतो, आणि पहिल्यांदाच विचार करायला उसंत मिळते. गेलेली वर्षं तेव्हा दिसतात. पुतणी कडेवरची होती, आता दहावीत आहे. आईचे केस पांढरे झाले. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आपण काय केलं, हे तो स्वतःला विचारायला लागतो. बाहेरून हे गप्प बसणं दिसतं, आळस वाटतो. तो शोक असतो. त्या काळात "काय कमी आहे तुला आता?" असं चुकूनही म्हणू नका. जेवण तुटलं, झोप तुटली, जगून काय करायचं असं बोलला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. एरवी त्याला लागतं ते माणूस. मास्तर या काळात रोज संध्याकाळी स्टॅंडवर जाऊन चहा प्यायचे. आमच्यातल्या काहींना भीती वाटायची की ते पुन्हा जातील. ते फक्त गर्दीत बसायला जायचे आणि साडेसातला परत यायचे.

काम मिळालं तर चांगलं, पण घाई नको. रोपवाटिका, पापडाचं केंद्र, सोसायटीतली बाग. दिवसाचे दोन तासही पुरतात. काहींना काहीच करायचं नसतं. त्यांनाही घर हवं असतं.

आता तुम्ही. हात झटकले असं वाटतंय का, असा तुमचा शेवटचा प्रश्न होता. दोन खोल्यांत सहा माणसं, कोणाची झोप पूर्ण होत नाही, आई सतत दाराकडे बघते आहे, आणि वर्षभरात सगळेच थकून पुन्हा फुटतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की घरी नेणं म्हणजेच प्रेम, असं मला म्हणवत नाही. तुम्ही त्याचे भाऊ राहा. त्याचा वॉर्डबॉय व्हायला दुसरी माणसं आहेत, तुमच्यावाचून भाऊ व्हायला कोणी नाही. दर रविवारी जाता आलं नाही तर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जा, पण ठरलेल्या दिवशी जा. जाण्याआधी त्याला फोन करा. दार लोटून आत शिरू नका, बेल वाजवा आणि तो उघडेपर्यंत थांबा. आईला सांगून ठेवा की "कुठे होतास रे इतकी वर्षं" हा प्रश्न पहिल्या भेटीत नको. तो सांगेल तेव्हा सांगेल, कदाचित तुकड्यातुकड्यांनी, कदाचित मुलींना.

आणि गणपतीला त्याला घरी आणा. दीड दिवसांसाठीच आणा. कधी निघायचं आणि कधी परतायचं ते त्याच्याशी आधी ठरवा, गोळ्या मोजून डबीत घ्या, रात्री झोपायला त्याला मोकळी जागा आणि एक दिवा द्या. पाहुण्यांना काय सांगायचं हे त्यालाच विचारा. आमच्या एका बाईंनी "मी गावाला राहते" एवढंच सांगायचं ठरवलं होतं, आणि कोणी पुढे विचारलं नाही. दीड दिवसांनी त्याला परत सोडायला तुम्ही स्वतः जा. कुलूप त्याला उघडू द्या. त्याने चहा केला तर पिऊन निघा.